काल्कमधल्या बेटिंग दुकानाची निरवानिरव

मी, नागेश चंद्रशेखर देवस्थळी, वय ५९, राहणार काल्क, कोलोन, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय, पूर्ण शुद्धीत, स्वहस्ते लिहीत आहे. हृदय अधू झालं आहे, डोकं शाबूत आहे. तसं डॉक्टरांचं पत्र सोबत जोडलं आहे.

१. राहतं घर मुलगी निधी हिला. पत्नी ऊर्मिला हिला तिचा कायदेशीर हिस्सा मिळावा. आमचा घटस्फोट झालेला नाही. ती फक्त निघून गेली.

का, ते लिहून ठेवतो. कारखान्यातली इंजिनिअरची नोकरी गेल्यावर मी आणि मेहुणा पद्माकर यांनी दुकान काढलं. फुटबॉलवरच्या पैजा आम्ही इंटरनेटवरून माल्टातल्या परवानाधारक कंपनीकडे पाठवत असू. पण इथे पैजा घेण्याचा हक्क फक्त सरकारचा, म्हणून २००६ साली पोलीस आले आणि निधीच्या शाळेच्या कॉम्प्युटरसकट सगळं उचलून घेऊन गेले. समोरच्या ट्राम स्टॉपवर तेव्हा सरकारी लॉटरीची जाहिरात होती.

पद्माकर गुन्हा कबूल करून, "भावोजींना सगळं ठाऊक होतं," असा जबाब देऊन सुटला. ऊर्मिला म्हणाली, "अहो, तुम्हीही कबुलीवर सही करा. संपवा एकदाचं."

"गुन्हाच नाही, तर सही कशाची?"

एका चिमुकल्या बेटाने ऑनलाइन जुगारावरून अमेरिकेविरुद्ध मिळवलेला जागतिक व्यापार संघटनेचा निकाल माझ्या वकिलाने पुढे ठेवला. न्यायाधीश म्हणाले, "श्रीयुत देवस्थळी, हे देशादेशांचं भांडण. तुम्ही देश नाही." शिक्षा झाली. मी अपील केलं. ऊर्मिला निधीला घेऊन म्युनिकजवळ गार्चिंगला भावाकडे, म्हणजे त्याच पद्माकरकडे गेली.

२०१० मध्ये युरोपीय न्यायालयाने विचारलं, सरकार स्वतः जाहिराती करतं, मग इतरांना बंदी कशी? वर्षाने माझा खटला बंद झाला. कोर्टाच्या पत्रात 'निर्दोष' हा शब्द नाही. मी ऊर्मिलाला फोन करून सांगितलं, "जिंकलो."

"बरं झालं. निधीची परीक्षा आहे, ठेवते."

२. खटल्याच्या अकरा जर्मन फायली जाळाव्यात. निधीला देऊ नयेत. तिला जर्मन येतं, म्हणूनच.

३. पद्माकरला काहीही नाही. त्याने अंत्यविधीला येऊ नये, असं लिहिणार होतो. पण ऊर्मिला गाडी चालवत नाही. त्याने तिला आणावं आणि बाहेर गाडीतच बसावं.

४. निधीला मराठी वाचता येत नाही. हे सगळं ऊर्मिलाने तिला मोठ्याने वाचून दाखवावं, पुढची ओळही न गाळता: सही केली नाही याचा मला पश्चात्ताप नाही, ऊर्मिला, तू बॅगा घेऊन दारात उभी होतीस तेव्हा "थांब" म्हणालो नाही, याचा आहे.

इथल्या कायद्याला साक्षीदार लागत नाहीत. मला लागतात.

नागेश चंद्रशेखर देवस्थळी (सही)
साक्षीदार: शिरीष आगटे (सही), स्वरूपा आगटे (सही), दोघे शेजारी
कोलोन, १४ नोव्हेंबर २०१४