भाजीत तेल किती घातलंस

आये, तू जाऊन वीसेक वर्षं झाली, आणि आता तुझी नात मला विचारते की एका भाकरीत कॅलरी किती. तुला हा शब्द कधी लागलाच नाही. आपल्या गंजाडच्या घरात अन्न सगळ्यांना पुरलं का, एवढंच विचारायचे. लावणीच्या दिवसांत एकदा मी भावाच्या भाकऱ्या मोजल्या, "याची ही चौथी," म्हणाले, तर तू चुलीपुढून उठून माझ्या पाठीत धपाटा घातलास. "चिखलातून आलेल्या माणसाचं मोजतेस? लाज नाय वाटत?" मला फार राग आला होता. अजून थोडा आहे, कारण टोपली रिकामी झाली होती आणि माझं पोट भरलं नव्हतं.

पोर डहाणूला कॉलेजात जाते. सुरुवातीला तिथेच होस्टेलवर होती. तिथल्या मुलींचं बघून तिने मनगटावर काळा पट्टा बांधला. दिसतो घड्याळासारखा, पण पावलं मोजतो आणि मोबाइलला कळवतो. मग मोबाइल सांगतो, आज इतकी चाललीस, तर इतकंच खा. कुणीतरी तिला जाडी म्हटलं असणार. कोण ते सांगत नाही. विचारलं की, "मम्मी, डोकं नको खाऊस." जाडी कसली गं ती, हाडापेराने मजबूत आहे. तुझेच खांदे आलेत तिला.

गेल्या वर्षी लावणीला माणसं मिळेनात म्हणून तीही खाचरात उतरली. पट्टा डाव्या हाताला. आता लावणीत डावा हात काय करतो ते तुला सांगायला नको. रोपांची मूठ धरून गुडघ्यावर टेकलेला असतो, धावपळ सगळी उजव्याची. पावलंही वाकल्या वाकल्या जरा जरा मागे सरकतात, बस. संध्याकाळी ती बांधावर बसली आहे, पाय गुडघ्यापर्यंत माखलेले, कंबर सरळ होत नाही, आणि मोबाइल म्हणतो, आज तू बसूनच होतीस. मला हसू आलं. वाटलं तीही हसेल. "म्हणजे आज मला कमीच जेवायला लागेल," म्हणाली, आणि अर्धी भाकर खाऊन उठली.

मी म्हटलं, "अगं, त्या यंत्राला लावणी काय कळते? तुझी भूक काय म्हणते ते बघ ना."

"भूक तर रोजच लागते, मम्मी. तिचं ऐकलं म्हणूनच अशी झाले."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती खाचरातच कोसळली. मी पदराने तिच्या तोंडावरचा चिखल पुसला. डॉक्टर म्हणाले, हिला नीट खायला घाला. कसं घालायचं ते काही बोलले नाहीत.

तेव्हापासून तिला घरीच ठेवलंय, इथूनच कॉलेजला जाते. पानावर बसली की विचारते, "भाजीत तेल किती घातलंस?" आणि मी सांगेन ते मोबाइलात भरते. मी एक चमचा सांगते. घातलेलं असतं दुप्पट-तिप्पट. आमटीत शेंगदाण्याचं कूट ढवळते, पेजेत तूप सोडते. मला वाटलं, जमलं. गाल जरा भरले होते गं तिचे.

परवा ती वजनकाट्यावर उभी राहिली आणि तिथेच रडायला लागली. "इतकं कमी खाते तरी उतरत नाही. माझ्या अंगातच काहीतरी खोट आहे." रात्रीचं जेवणच सोडलंय आता. मी तेल वाढवते, ती घास कमी करते. खरं सांगितलं तर माझ्या हातचं खाणार नाही. नाही सांगितलं तर स्वतःच्याच अंगाचा दुस्वास करत राहील. तू असतीस तर कुणाच्या पाठीत धपाटा घातला असतास, तिच्या की माझ्या, हेही मला उमगत नाही.

आज सकाळी डबा हातात घेऊन दारात थांबली. "खरं सांग, एकच चमचा ना?"

"एकच," मी म्हटलं.

तिने लगेच भरलं. भूक तिला खोटी वाटते, अंग खोटं वाटतं, आईचं बोलणं तेवढं खरं वाटतं. हा कागद मी चुलीत घालणार आहे, तिच्या हाती लागायला नको. आणि उद्या तिने विचारलं तर उद्याही मी एकच सांगणार आहे.