बाटलीच्या गळ्यावरची पांढरी पट्टी

मी, शालिकराम डोमाजी तायडे, वय सत्तर, अकोल्याच्या बीज-संशोधन केंद्रातून निवृत्त, राहणार अमरावती, डोके ठिकाणावर असताना आणि कोणीही मानगुटीवर बसलेले नसताना हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. साखर आणि रक्तदाब आहे. विसर पडत नाही, हाच खरा आजार आहे.

कलम १. अमरावतीचे राहते घर आणि बँकेतील सर्व ठेवी पत्नी शकुन हिच्या. तिने माझा संशयी स्वभाव चाळीस वर्षे सोसला आहे.

कलम २. मुलगा गोपाल याला माझी स्कूटर आणि पुस्तके. पुस्तके रद्दीत घालायची असतील तर निदान मी गेल्यावर वर्षभर थांबावे. जिवंतपणी एकदा घालून झाली आहेत.

कलम ३. सन २००५ च्या चौकशी समितीचे अध्यक्ष माझ्या अंत्ययात्रेला आले तर त्यांना बसायला द्यावे, चहा देऊ नये. त्यांनी त्या दिवशी एक साधा प्रश्न मला विचारला असता तर पुढचे कलम लिहावे लागले नसते. दोष माझाच आहे, पण रागही माझा आहे आणि तो मी सोबत नेणार आहे.

कलम ४. हे नीट वाचावे.

मंजुषा गोवर्धन उमाळे ही माझी विद्यार्थिनी. बाळापूरच्या फूलवाल्यांची मुलगी. पहाटे वडिलांसोबत झेंडूचे हार ओवून मग एसटीने अकोल्याला यायची. ती दुबार पेरणीची वर्षे होती. पावसाने ताण दिला की तुरीची काही रोपे माना टाकायची, काही मात्र पाणी मिळताच उभी राहायची. का, ते तिला शोधायचे होते.

पेशीत प्रथिने तयार करते ते रायबोसोम. ते स्वतःही आरएनए आणि प्रथिनांचेच घडलेले असते. मंजुषाने तुरीत असे एक प्रथिन शोधले, जे पाणी तुटले की रायबोसोमच्या कच्च्या आरएनएला धरून बसते. मग नवे रायबोसोम घडत नाहीत, जुन्यांचेही काम मंदावते आणि रोप आहे त्यात भागवते. पाणी आले की ते प्रथिन सुटते. ज्या रोपात ते लवकर सुटते, ते रोप वाचते. इतके साधे होते, म्हणूनच मला खरे वाटेना.

माझ्या शंकेवरून चौकशी समिती बसली आणि तिच्यापुढे मंजुषाने प्रयोग करून दाखवायचा होता. दोन नळ्यांत प्रथिने बनवायची. एकीत तिचे प्रथिन घातलेले, तिथे काम मंद व्हावे. दुसरीत न घातलेले, तिथे ते जोरात चालावे. त्या दिवशी दोन्ही नळ्या मेलेल्या निघाल्या, एकीतही काही बनले नाही.

उघड्या हाताच्या घामानेसुद्धा आरएनए तुटते. तिच्या बोटांना झेंडूचा पिवळा रंग होता. सगळ्यांसमोर मी विचारले, की या हातांनी आरएनए टिकते कसे, आणि आधीचे आकडे आले कुठून. ती रडली नाही. एवढेच म्हणाली, "सर, एकदा पानी पाहा ना."

मी पाहिले नाही. बनावट आकडे दिल्याचा ठपका ठेवून तिची नोंदणी रद्द झाली.

प्रयोगाचे पाणी मी तयार केले होते; ते कोणी केले, हे अध्यक्षांनी विचारले नाही. आरएनए जपायला पाण्यात एक औषध घालतात, आणि मग तेच औषध उडवून लावायला ते पाणी वाफेच्या दाबाच्या भांड्यात तापवतात. राहिले तर तेच औषध प्रयोग मारते. आमच्याकडे पद्धत अशी, की भांड्यात बाटली ठेवतानाच 'झाले' अशी चिठ्ठी लावायची, नंतर विसरायला होते म्हणून. मी सकाळी बाटली ठेवली, चिठ्ठी लावली आणि समितीच्या नाश्त्याचे बघायला गेलो. मध्येच भारनियमनात वीज गेली.

चार दिवसांनी शिपाई पुंजाराम ती बाटली घेऊन माझ्या खोलीत आला. गळ्यावरची पट्टी पुरती वाफ लागली की काळी पडते. ती पांढरी होती. "सर, त्या दिवशी लाईट गेली होती," तो म्हणाला. मी त्याला गप्प राहायला सांगितले, पट्टी सोलून डायरीत ठेवली आणि पाणी मोरीत ओतले.

पुढच्या वर्षी तोच प्रयोग मी नीट तापवलेल्या पाण्यात केला. दोन्ही नळ्या तिने सांगितल्या तशाच वागल्या. निबंध माझ्या एकट्याच्या नावाने छापला.

तेव्हापासून नळ सोडला की कोणीतरी मागे उभे राहून म्हणते, पाहा ना. मी वळतो. मोरीत कोणी नसते. माझ्या स्वतःच्या बोटांना पिवळे लागलेले दिसते, साबणाने घासतो, काही नसते. दसऱ्याला आमच्या दारावर झेंडू का चढू देत नाही, हे शकुनने बारा वर्षे विचारले. शकुन, हे कारण. मला भीती वाटते.

तो शोध मंजुषाचा आहे. माझ्याकडेच राहिलेली तिची प्रयोगांची वही, पट्टी आणि अकोल्याचे दोन खोल्यांचे घर तिला द्यावे.

कलम ४ ची दुरुस्ती. हा मसुदा वाचायला वकील वकार यांनी काल मंजुषाला बोलावले. ती आली, उभ्यानेच वाचले आणि म्हणाली, "मेल्यावरच कावून, सर?" म्हणून वरील कबुलीची सही केलेली एक प्रत, पट्टीसह, विद्यापीठाला आणि दुसरी निबंध छापणाऱ्यांना आजच रजिस्टर पोस्टाने पाठवली आहे.

घराबद्दल ती म्हणाली, "घर नोका देऊ मले. साक्षीदार म्हनून सही माही घ्या." ज्याला मिळकत मिळते त्याने साक्ष देऊ नये, असे वकिलांनी समजावले. म्हणूनच, असे ती म्हणाली. तेव्हा ते घर शकुनकडे जावे. मंजुषाने फक्त वही घेतली. ती तिचीच होती, ती मी दिली असे म्हणवत नाही.

हे सर्व वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत सही केली.

शा. डो. तायडे

साक्षीदार १: पुंजाराम किसन इंगळे, वय ६३, निवृत्त शिपाई, अकोला.

साक्षीदार २: मंजुषा गोवर्धन उमाळे, वय ३८, बाळापूर. व्यवसाय: मी टंकून आणलेला 'संशोधक' हा शब्द साक्षीदाराने स्वतःच्या पेनाने खोडला व 'फुलांचा धंदा' असे लिहिले. खाडाखोड मला मान्य. शा. डो. ता.

अमरावती, दिनांक ९ ऑक्टोबर २०१७