सुप्याच्या खोलीचं डिपॉझिट

नगर, ९ मार्च

प्रिय अपूर्वा,

आज सकाळच्या एसटीने सुप्याला जाऊन आलो. खोली रिकामी करून दिली. पलंग आणि गॅस टेम्पोने तुझ्या माहेरी, जामखेडला, पाठवला आहे. अनीशचे कंपनीतले बूट मात्र मी इकडे आणले.

डिपॉझिट मिळालं नाही. घरमालक हनुमंतराव माणूस वाईट नाही. चहा दिला, लाइटबिल सोडून दिलं. पण त्यांची आई साळूबाई ओट्यावर बसली होती. अनीश गेला तेव्हा पंचक होतं, आणि पंचकात घरात माणूस गेला की ते घर सहा महिने बंद ठेवायचं, असं तिचं म्हणणं. तेवढं भाडं डिपॉझिटमधून कापणार, म्हणजे काही उरत नाही. हनुमंतराव मला बाजूला घेऊन म्हणाले, "काका, तुमी नुसतं म्हना, पोरगा गाडीत गेला. तुमी भटजीच्या घरातले, म्हातारी तुमचं ऐकंल. आत्ता पैसे देतो." म्हातारीने तेही ऐकलंच. "मंग सांगा की, घरात का गाडीत? लेकराची आन हाय तुमाला."

आपल्याकडची भिक्षुकी माझ्या वडिलांबरोबर संपली. पंचकाचं मला काही वाटत नाही. पुण्यात खोली घ्यायला तुला हे पैसे हवेत, हेही डोक्यात होतं. तरी सूनबाईला विचारून सांगतो म्हणालो आणि निघालो.

त्या पहाटे तू हाक मारलीस तेव्हा मी बाहेरच्या खोलीत झोपलो होतो. आत आलो तर त्याचं डोकं तुझ्या मांडीवर होतं. ॲम्ब्युलन्समध्ये तू पुढे बसलीस, मी मागे त्याच्याजवळ. दवाखाना येईपर्यंत त्याचे तळपाय चोळत होतो. ते गरम होते, की माझ्या चोळण्याने झाले, कळलं नाही. वाटेत त्याच्याशी बोलत होतो. इतकं मी त्याच्याशी कधीच बोललो नव्हतो. डॉक्टर म्हणाले, आणण्याआधीच गेला. किती आधी, ते मी त्यांना विचारलं नाही. तुलाही नाही.

साळूबाईला काय सांगायचं ते तू ठरव. पैसे बुडाले तरी पुण्याचं मी बघतो. हे पत्र त्यासाठी नाही. आपण त्याला उचललं तेव्हा तो होता का, एवढं मला खरं सांग. मी बोललो ते त्याने ऐकलं असेल का?

बुटांच्या तळाला अजून सुप्याची माती आहे. आता उठून ते पुसून ठेवतो.

तुझेच,
बाबा