दोनशे एकतीस उद्धरणांची व्यवस्था

मी, कृष्णकांत वामन पांढरीपांडे, वय वर्षे सहासष्ट, रसायनशास्त्राचा निवृत्त प्रपाठक, राहणार लक्ष्मीनगर, नागपूर, माझ्यामागे कशाचे काय करावे हे स्वहस्ते लिहून ठेवीत आहे. बुद्धी शाबूत असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. मनाबद्दल त्यांनी विचारले नाही, मीही सांगितले नाही. मला कोणी भरीस घातलेले नाही.

१. राहते घर आणि बँकेत जे काही असेल ते पुतण्या अनंत यास. मला मूलबाळ नाही. पत्नी अरुंधती चार वर्षांपूर्वी वारली. तिला पोचवून आलो आणि दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात जाऊन बसलो. रडू येईल म्हणून वाट पाहिली, आले नाही. अनंताने घर विकले तरी हरकत नाही. मागच्या अंगणातले लिंबू तिने लावलेले आहे, एवढे घेणाऱ्याला सांगावे.

२. माझे पितळी मुठीचे भिंग आमचे माजी विभागप्रमुख महादेवराव यांस. दर जानेवारीत ते सगळ्यांसमोर विचारत, "पांढरीपांडे, औंदा किती लेख झाले गा?" कोणाचा लेख जगात कोणी उद्धृत केला हे ज्या परदेशी खंडांत छापतात, त्यांची अक्षरे मुंगीएवढी असतात. मी माझे नाव या भिंगाने शोधत असे. महादेवरावांनी आता स्वतःचे शोधावे. फार वेळ लागणार नाही.

३. माझ्या संशोधनाचा हिशोब असा: लेख एक्केचाळीस, उद्धरणे दोनशे अडुसष्ट. पैकी दोनशे एकतीस एकाच लेखाची, सन १९६४ च्या. विहिरीच्या पाण्यातले मँगनीज रंगावरून मोजण्याची रीत त्यात आहे. उरलेल्या सदतिसांपैकी एकोणीस वेळा मीच मला उद्धृत केले आहे.

४. त्या लेखातले काम माझे नाही. ते माझी विद्यार्थिनी गोपिका रुपराव डहाके हिचे आहे. ती खाप्याची. तिकडे मँगनीजच्या खाणी आहेत, म्हणून ती गावच्या विहिरींचे पाणी बाटल्यांत भरून आणी. रंग दहा मिनिटांत उडून जायचा. पाणी आधी कोमट केले तर तो टिकतो, हे तिने शोधले तेव्हा मी अमरावतीला भाचीच्या लग्नात होतो. आमच्या विभागात मार्गदर्शकाचे नाव पहिले घालायची रीत होती, तसे ते घातले. त्या खंडांत नोंद पहिल्याच नावाखाली होते. पुढे १९७१ साली व्याख्यातापदासाठी तिची मुलाखत झाली. महादेवरावांनी खंड उघडला आणि म्हणाले, "बाईच्या नावावर तर काहीच नाही." मी समितीत होतो. खरे सांगायला एक वाक्य पुरले असते. मी चहात बिस्किट बुडवून खाल्ले. तेव्हापासून ती खाप्याच्या शाळेत विज्ञान शिकवते. तेव्हा लाज वाटली असेल. आता आठवून पाहतो तर हाताला काही लागत नाही.

५. प्रयोगांच्या अकरा वह्या गोपिकेस द्याव्यात. वरील मजकुराचे नियतकालिकाच्या संपादकांना लिहिलेले पत्र टेबलाच्या खणात आहे, ते माझ्या मृत्यूनंतर पोस्टात टाकावे. (हे कलम मी स्वतः खोडले आहे. कारण खाली.)

६. आज सकाळी गोपिका माझ्या बोलावण्यावरून खाप्याहून आली. केस पांढरे झाले आहेत. तिने हे सर्व कूलरसमोर बसून वाचले, दोनदा वाचले. मग म्हणाली, "सर, वह्या माह्याच हाये. माही वस्तू मलेच काहून देऊन राहिले तुम्ही?"

मी म्हणालो, खरे आहे, मृत्युपत्रात स्वतःचेच देता येते. वह्या तिने पिशवीत घातल्या. मग पत्र मागितले.

"हे मेल्यावर कायले टाकता?" ती म्हणाली. "तवा तुम्हाले कोन विचारायले येनार हाये? आज टाका न."

ती उठली नाही. अर्ध्या तासाने मी पत्रावर आजची तारीख घालून सही केली आणि लिफाफा तिच्या हाती दिला. जाताना ती तो बर्डीच्या पोस्टात टाकणार आहे. उत्तर येईल, महादेवरावांना कळेल, अनंताला कळेल, आणि मी इथेच असेन. मला भीती वाटते आहे. म्हणूनच या कलमाचे अक्षर वेगळे दिसेल. ते माझेच आहे.

गोपिकेला यातून काही मिळत नसल्याने ती साक्षीदार होऊ शकते, असे वकील सांगतात.

हे लिहून, वाचून, दोघांच्या देखत सही केली.

नागपूर, दि. ९ मे १९८२

कृष्णकांत वामन पांढरीपांडे

साक्षीदार:
१. गोपिका रुपराव डहाके, शिक्षिका, खापा
२. मधुकर नारायण देवपुजारी, वकील, धंतोली