शनीवर जागा आहे म्हणे

प्रिय थॅड,

तुझ्या सोहळ्याला मी गर्दीत मागे उभी होते, आता फोटोही पाहिले. सूट छान होता, बाकी सगळ्याची किळस आली. महामार्गासाठी आपली गल्ली पाडली तेव्हा तू पाळण्यात होतास, मी सहा वर्षांची. यंत्र दारात आलं तेव्हा आईचा कॉर्नब्रेड भट्टीतच होता. काळ्यांची वस्ती म्हणजे मोकळंच रान, असं नकाशा काढणाऱ्यांनी धरलं होतं. आता महामार्गही उखडला, जमीन परत उघडी पडली, आणि नगरपालिकेतल्या तुमच्या खात्याने तिथे काय बांधलं? एक भिंत. भिंतीवर रंगवलेली आपली पोरं सोनेरी यानात बसून शनीकडे निघालीत. तू भाषणात म्हणालास, झालेल्या अन्यायाची ही भरपाई आहे. वा रे भरपाई! शनीवर जागा, पण आपल्या जुन्या सायकमोर रस्त्यावर एक खोली नाही.

चित्राशी माझं भांडण नाही. आईला तर ते फार आवडलं. आपली माणसं पुढच्या काळातही आहेत, हे कुणीतरी रंगवलं, म्हणाली. पण फीत कापायला तुम्ही तिला पुढे केलंत, तेव्हा तिने माइक ओढून शांतपणे विचारलं, "पोरं परत आली की उतरायची कुठे?" महापौर टाळ्या वाजवत राहिले. तू हसलास आणि आई अशीच गमती करते म्हणून सगळ्यांना सांगितलंस. तुझ्या त्या हसण्याची मला इतकी लाज वाटली, की शेजारच्या बाईला तू माझा भाऊ आहेस हे मी सांगितलं नाही.

असो. रविवारी चर्चमधून आई माझ्याकडे आली नाही. सायकमोरच्या कोपऱ्यावरचं, पाडापाडीतून वाचलेलं ते विटांचं घर, नगरपालिकेने वर्षानुवर्षं फळ्या ठोकून बंद ठेवलेलं, तिथे ती चर्चमधल्या मैत्रिणीला, मिस ओडेलला, घेऊन शिरली. फळ्या मीच काढल्या. आता खिडक्यांना पडदे आहेत, चुलीवर पालेभाजी शिजतेय, शेजारी खुर्च्या आणून टाकताहेत. घर सोडायचं नाव ती काढत नाही.

बाहेर काढण्याचा हुकूम तुझ्याच सहीने निघतो, म्हणून हे पत्र. पोलिसांना पाठवू नकोस. धमक असेल तर स्वतः ये, आणि पंच्याऐंशी ओलांडलेल्या आपल्या आईला तोंडावर सांग की बाहेर हो. ते जमणार नसेल, तर घर तिच्या नावावर करून ये. मग ताट वाढते.

तुझीच, अजून तरी,
व्हर्डेल