बाईंच्या डावीकडची खुर्ची

प्रिय बयो,

आठ वर्षं तू माझ्याशी बोललेली नाहीस, तेव्हा माणसाच्या हाती पाठवलेल्या या पाकिटावरचं अक्षर ओळखून ते न उघडताच फाडशील अशी भीती आहे. आधी वाच, मग हवं तर फाड. येत्या रविवारी आमच्या ख्रिस्ती वृद्धाश्रमाच्या मोठ्या बाई निवृत्त होताहेत. एकतीस वर्षं त्यांनी हे घर चालवलं. सत्काराचं भाषण अर्थातच माझ्या गळ्यात पडलं. स्वयंपाकीणबाई म्हणाल्या, ‘पाळकसाहेबांना दहा मिनिटं द्या, म्हणजे तासाभरात आटपेल!’

लिहायला बसलो आणि अडलो. बाईंनी आजाऱ्यांच्या खोल्या वाढवल्या, प्रार्थनागृहावर नवं छप्पर घातलं, हे सगळं लिहून झालं. पण त्यांच्या खऱ्या कामाबद्दल इथे कोणी उघड बोलत नाही. जेवणघरात आमचं एकच लांब टेबल आहे. खिडकीकडच्या टोकाला बाई बसतात आणि त्यांच्या डावीकडची खुर्ची एरवी रिकामी असते. मग एखाद्या सकाळी कोणाचा तरी कप त्या जागी मांडलेला दिसतो. बाई ओळखतात. कशावरून ते देव जाणे. नखांच्या रंगावरून, चमचा धरण्यावरून, अर्धवट टाकलेल्या पावावरून. शेवटच्या दिवसांत माणसाने आपल्या शेजारी जेवावं, एवढाच त्यांचा हेतू. पोस्टमास्तर तिथे नऊ दिवस बसले. शिवण शिकवणाऱ्या मावशी तीन आठवडे. कंपाउंडर ‘बढती मिळाली बुवा!’ म्हणत हसत बसला, त्याला अकरा दिवस मिळाले. त्या खुर्चीवरून उठून आपल्या जुन्या जागी परत गेलेला माणूस मी पाहिलेला नाही.

शकुन-अपशकुनांची मी चर्चच्या व्यासपीठावरून जन्मभर पिसं काढली, तुला ठाऊक आहे. माझं मत आजही तेच आहे. पण गुरुवारी नाश्त्याला गेलो, तर माझा कप तिथे होता.

बहिरे कप्तान ओरडले, ‘भाषण करणाऱ्याला शेजारी बसवायलाच हवं!’ सगळे आपापल्या ताटलीत बघत राहिले. मी बसलो. बाईंनी माझ्या पावाला लोणी लावलं. हे भाषणासाठीच ना, असं मी सरळ विचारलं. बाई म्हणाल्या, ‘भाषण रविवारी आहे, पाळकसाहेब. खुर्ची आजपासून तुमची.’ मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, कोणाला बोलवायचं आहे का? मी म्हणालो, कोणालाच नाही. त्यांनी हातातली सुरी ठेवली आणि माझा कप स्वतः भरला.

तब्येत म्हणशील तर ठणठणीत आहे. जिना चढतो, छापील मजकूर चष्म्याशिवाय वाचतो. फक्त दोन दिवस चहाची चव लागत नाही, आणि आज सकाळी सदऱ्याची बटणं लावताना बोटं ऐकेनात. नव्या व्यवस्थापकांनी लांब टेबल काढून चौघाचौघांची टेबलं मागवली आहेत. सोमवारपासून ती खुर्चीच नसेल. जाण्याआधी बाईंना जे काही उरकायचं आहे, त्यात मीही आहे की काय?

तू नवऱ्याचं घर सोडून, बाळाला कडेवर घेऊन आलीस, त्याच रविवारी मी लग्नाच्या वचनावर उपदेश केला. तुझं नाव घेतलं नाही, पण सगळी मंडळी वळून तिसऱ्या बाकाकडे बघू लागली. तू उठून गेलीस. मी थांबलो नाही, उलट आवाज चढवला. नंतर लोकांनी हात हातात घेऊन सांगितलं, इतकं छान तुम्ही कधी बोलला नव्हतात. बयो, तुझ्या गालावरचा वळ मला व्यासपीठावरून दिसत होता. तो दिसत असताना मी बोलत राहिलो. हे नुसतं लिहून भागणार नाही, तुझ्यासमोर उभं राहून कबूल करायचं आहे. बाईंना मी खोटं सांगितलं. रविवारच्या भाषणाला येऊ नकोस. त्याआधी ये.

अजूनही तुझाच म्हणवून घेणारा,
बाबा