मंगलची पाठ

लातूर, रविवार, संध्याकाळ

आज मंगलला उगाच छळलं मी. रिटायर झाल्यापासून चित्रकलेच्या क्लासला जातोय. सर म्हणाले, मान-खांदे जमत नाहीत तुम्हाला, घरी कुणाला तरी समोर बसवून काढा. घरी बायकोशिवाय आहे कोण?

दुपारी तिला खिडकीपाशी खुर्चीवर बसवलं आणि बाजूनं काढायला घेतलं. मान सारखी पुढंच जात होती. पुस्तकात तर कान खांद्याच्या बरोबर वर असतो. खोडलं, पुन्हा काढलं, पुन्हा तेच. शेवटी पेन्सिल समोर धरून माप घेतलं, तर चित्र बरोबर होतं. मग तिच्यावरच चिडलो. "अगं, जरा सरळ बस की!"

"सरळच बसलेय की हो. याच्यापेक्षा सरळ होत न्हाई आता."

कधी वाकली ही पाठ? इतकी वर्षं शिलाई मशीनवर बसून लोकांचे ब्लाऊज शिवत होती, माझ्या डोळ्यांसमोरच. ऑफिसातून आलो की तीच पाठ दिसायची, आणि मी चहा मागायचो. तेव्हा का दिसली नाही? आज दिसली, तीही चित्र चुकतंय म्हणून.

ती उठून चित्र बघायला आली. बराच वेळ बघत राहिली.

"ही तर माझी आई हाय," म्हणाली, आणि हसली.

मी घाईघाईनं खोडरबर उचलला. तिनं माझा हात धरला.

"राहू द्या. खरं हाय ते."

मला तिच्याकडे बघवेना.